रोस्टर हातात आला की आधी काय बघायचं, आणि तुमचा नाइट स्टॉप तसाच का पडतो

एअरलाइनमध्ये नवीन जॉइन झालेल्या क्रूचा रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, पब्लिश झाला की पहिला तास कशात जातो ते मला बरोबर माहितीये, ऑफ कधी आहेत आणि कुठेकुठे जायला मिळतंय एवढंच बघण्यात. मग दोन दिवसांनी फोन येतो, मॅडम मला नाइट स्टॉपला बाहेरच्या शहरात तीस तास का टाकलंय, विमान तर सकाळीच परत येतंय ना. मी काही वर्षं क्रू शेड्युलिंगच्या टेबलावर काढलीयेत, आधी प्लॅनिंगला आणि नंतर रात्रीच्या क्रू कंट्रोलला, म्हणजे आयत्या वेळचे बदल सांभाळणाऱ्या टेबलावर, आणि हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदाचं लिहूनच टाकते. माझं म्हणणं एकच आहे, रोस्टरमधल्या फ्लाइट्स नंतर वाचा, आधी दोन ड्यूट्यांच्या मधली मोकळी जागा वाचा, कारण रोस्टर बनवणारा माणूस काय आणि सॉफ्टवेअर काय, खरी मारामारी त्या मोकळ्या जागेशीच करत असतात.

तुमचं नाव सगळ्यात शेवटी येतं

बऱ्याच जणांना वाटतं की कोणीतरी यादी घेऊन बसतं आणि हिला इकडे पाठवा त्याला तिकडे पाठवा असं ठरवतं. तसं नसतं. आधी टाइमटेबल ठरतं, मग कुठलं विमान कुठल्या फ्लाइट्स करणार ते ठरतं, आणि त्यानंतर त्या फ्लाइट्सचे तुकडे जोडून पेअरिंग बनतात. पेअरिंग म्हणजे बेसवरून, म्हणजे तुमच्या नेमणुकीच्या शहरातून, निघून बेसवरच परत येणारी साखळी, एका दिवसाची असेल नाहीतर चार-पाच दिवसांची. इथपर्यंत कोणाचंही नाव नसतं, फक्त एक कॅप्टन, एक फर्स्ट ऑफिसर आणि इतके केबिन क्रू लागतील एवढंच. नावं शेवटच्या टप्प्यात चिकटतात, तेव्हा तुमची रजा, ट्रेनिंग, मेडिकल, व्हिसा, आधीच्या महिन्यात उडालेले तास हे सगळं बघून.

आता गंमत अशी की काहीशे फ्लाइट्स असल्या तरी नियमात बसणाऱ्या साखळ्या लाखोंच्या घरात जातात, त्यामुळे हे हाताने होत नाही, सॉफ्टवेअर लागतं. त्याला दिलेलं काम साधं असतं, प्रत्येक फ्लाइटला क्रू मिळाला पाहिजे आणि एकूण खर्च कमीत कमी झाला पाहिजे. क्रूचा खर्च बहुतेक कंपन्यांत इंधनानंतर सगळ्यात मोठा असतो, म्हणून एका हॉटेल रूमची बचतसुद्धा सॉफ्टवेअर शोधून काढतं. तुम्हाला कोणी मुद्दाम वाईट रोस्टर दिला नाहीये. मुद्दाम चांगलाही कोणी देत नाही म्हणा.

पायलट आणि केबिन क्रू एकाच फ्लाइटवर असून पुढे वेगवेगळ्या वाटांनी का जातात हेही इथूनच कळतं. पायलट साधारणपणे एकाच टाइपच्या विमानावर बांधलेला, केबिन क्रू एकापेक्षा जास्त टाइपवर क्वालिफाय असू शकतो, म्हणून त्यांची साखळी वेगळी जुळते. आणि ५० सीट्समागे किमान एक केबिन क्रू हा नियम बहुतेक ठिकाणी आहे, तोही माणसांवर नाही तर विमानात बसवलेल्या सीट्सवर मोजतात, म्हणून किमान संख्येवर चाललेल्या फ्लाइटवर आयत्या वेळी एकजण आजारी पडला तर विमान अर्धं रिकामं असलं तरी तसंच उडत नाही, दुसरा माणूस आणावाच लागतो.

विमान झोपतं सव्वासात तास, तुम्हाला ते चालत नाही

आता तो तीस तासांचा प्रश्न. हा मी कागदावर काढून दाखवायचे, तसाच इथे दाखवते.

विमान रात्री २२:५० ला बाहेरच्या शहरात उतरून पार्क होतं. सकाळी पहिली फ्लाइट ०६:१० ला, कारण सकाळी लवकर निघणारे प्रवासी तिकिटाला चांगले पैसे देतात. तुमची ड्यूटी २३:२० ला सुटली असं धरा. सकाळच्या फ्लाइटचा रिपोर्ट, म्हणजे ड्यूटीवर हजर व्हायची वेळ, ०५:१० ला. मध्ये उरले ५ तास ५० मिनिटं. बेसबाहेर किमान १० तास रेस्ट हवी असं युरोपचा नियमही म्हणतो आणि अमेरिकेचाही, आणि त्यात ८ तास झोपायची संधी मिळाली पाहिजे. म्हणजे ज्याने विमान आणलं तो सकाळी ते नेऊच शकत नाही. मग सकाळी नेणार कोण? जो क्रू आदल्या रात्री हेच विमान घेऊन आला होता तो. आणि तुम्ही परवा पहाटे ०५:१० ला रिपोर्ट करणार, २३:२० पासून मोजा, २९ तास ५० मिनिटं. झाले तीस तास.

म्हणजे त्या हॉटेलात कुठल्याही रात्री कंपनीचे दोन क्रू असतात, एक नुकता आलेला आणि एक पहाटे निघणारा. कंपनीला दोन क्रूंच्या रूम्स पडतात आणि एक अख्खा क्रू दिवसभर न उडता बसतो, त्यामुळे हे कोणालाच आवडत नाही, प्लॅनिंगवाल्यांना तर अजिबातच नाही. यातून सुटायचे रस्ते तीन. सकाळची फ्लाइट दहा-साडेदहाला ढकला, ते कमर्शियलवाले मान्य करत नाहीत. रात्रीचं विमान संध्याकाळी साडेसहाच्या आत उतरवा, म्हणजे संध्याकाळची एक फेरी जाते. नाहीतर क्रूला उडवण्याऐवजी दुसऱ्या फ्लाइटमध्ये प्रवासी म्हणून बसवून आणा, त्याला आपण डेडहेड म्हणतो. चौथा एक प्रकार आहे स्प्लिट ड्यूटीचा, म्हणजे रात्री एक फ्लाइट, मध्ये काही तास हॉटेल आणि पहाटे परतीची फ्लाइट, हे सगळं एकच ड्यूटी धरून. युरोपच्या नियमात मधला ब्रेक किमान ३ तासांचा असेल तर त्याच्या निम्म्यापर्यंत वेळ ड्यूटी वाढवता येते. कागदावर छान दिसतं. मला स्वतःला हा प्रकार कधी पटला नाही, पहाटे साडेतीनला उठलेल्या माणसाला तू हॉटेलात झोपला होतास ना असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

डेडहेडबद्दल एक लक्षात ठेवा, नुसतं सीटवर बसून आलात तरी ती ड्यूटीच असते. युरोपच्या हिशोबात आधी डेडहेड आणि मग ऑपरेट केलं तर तो वेळ एफडीपीमध्ये (फ्लाइट ड्यूटी पिरियड, रिपोर्टपासून शेवटचं विमान पार्क होईपर्यंतचा वेळ) धरतात, फक्त सेक्टर, म्हणजे एक उड्डाण, म्हणून मोजत नाहीत. आधी ऑपरेट करून मग डेडहेडने परत आलात तर तो वेळ ड्यूटीत जातो, एफडीपीत नाही. म्हणून पेअरिंगच्या शेवटी डेडहेड जास्त दिसतात, सुरुवातीला कमी.

आता तुमचा रोस्टर उघडा

पहिलं काम म्हणजे वेळा कुठल्या आहेत ते बघा, यूटीसी (जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ) की लोकल. काही कंपन्या यूटीसीमध्ये छापतात आणि नवीन मुलं दर वर्षी इथेच फसतात, रात्री साडेअकराचा रिपोर्ट आणि तारीख आदल्या दिवसाची, मग सकाळी फोन, मी तर अजून घरी आहे. पहिले दोन-तीन महिने रोस्टर आला की सगळ्या वेळा हाताने लोकलमध्ये लिहून काढा, ॲप आहे म्हणून आळस करू नका.

मग प्रत्येक ड्यूटीच्या चार वेळा काढा. रिपोर्ट, पहिलं चॉक्स ऑफ (विमान निघायला जागेवरून हलतं तो क्षण), शेवटचं चॉक्स ऑन (विमान जागेवर येऊन थांबतं तो क्षण), आणि रिलीज, म्हणजे ड्यूटी सुटते ती वेळ. चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन तो ब्लॉक टाइम, तुमचे फ्लाइंगचे तास. रिपोर्टपासून शेवटच्या चॉक्स ऑनपर्यंत एफडीपी. रिपोर्टपासून रिलीजपर्यंत ड्यूटी. आणि रिलीजपासून पुढच्या रिपोर्टपर्यंत रेस्ट. हे चार आकडे वेगळे आहेत आणि चारींच्या मर्यादा वेगळ्या आहेत, भांडायला येणारे दहापैकी सात जण एक आकडा दुसऱ्याच्या जागी वापरून आलेले असायचे.

एफडीपी किती चालेल हे दोन गोष्टींवर ठरतं, किती वाजता रिपोर्ट केलात आणि किती सेक्टर आहेत. युरोपच्या तक्त्यात सकाळी ०६:०० ते दुपारी १३:२९ मध्ये सुरू केलं आणि एक-दोन सेक्टर असतील तर १३ तास, पुढच्या प्रत्येक सेक्टरला अर्धा तास कमी. संध्याकाळी १७:०० ते पहाटे ०४:५९ मध्ये सुरू केलं तर दोन सेक्टरला ११ तासच. कारण सरळ आहे, रात्री २ ते पहाटे ५:५९ हा वेळ शरीर झोपायलाच मागतं, तुम्ही कितीही कॉफी प्या. अमेरिकेच्या तक्त्यात मध्यरात्रीनंतर पहाटे चारच्या आत सुरू केलं तर फक्त ९ तास.

उदाहरण करून बघू. रिपोर्ट ०५:२०, चार सेक्टर. युरोपच्या तक्त्याप्रमाणे ११ तास १५ मिनिटं मिळतात, म्हणजे शेवटचं चॉक्स ऑन १६:३५ च्या आत व्हायला पाहिजे. रोस्टरवर ते १५:५० आहे. तर तुमच्याकडे दिवसभराची शिल्लक ४५ मिनिटं. हा आकडा पेन्सिलने रोस्टरच्या कडेला लिहा, कारण त्या दिवशी दुसऱ्या सेक्टरला अर्धा तास उशीर झाला की तुम्हाला आधीच माहिती असेल की चौथा सेक्टर धोक्यात आहे, आणि क्रू कंट्रोलला तुम्ही तिसऱ्या सेक्टरआधी सांगितलंत तर ते दुसरा माणूस शोधू शकतात, चौथ्याच्या दारात सांगितलंत तर फ्लाइट बोंबलते. याच ड्यूटीला अमेरिकेचा तक्ता १२ तास देतो, म्हणून दुसऱ्या देशातल्या मित्राच्या रोस्टरशी तुलना करत बसू नका, आपल्या कंपनीच्या मॅन्युअलमधलाच तक्ता धरा.

शिल्लक संपली तर कॅप्टन स्वतःच्या अधिकारात एफडीपी वाढवू शकतो, युरोपात दोन पायलट असतील तर २ तासांपर्यंत. पण तो अधिकार कॅप्टनचा आहे, आमचा नाही, आणि क्रूला विचारून वापरायचा आहे. आधीपासून माहीत असलेल्या उशिरासाठी तो नाही, रिपोर्ट केल्यावर अनपेक्षित काही घडलं तरच. आम्ही कंट्रोलवाले फोनवर कितीही गोड बोललो तरी नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, मी पलीकडे बसून सांगतेय.

उशीर दुप्पट खातो

ही गोष्ट मी स्वतः चूक करून शिकले. युरोपचा नियम असा की बेसबाहेरची रेस्ट १० तास किंवा आधीची ड्यूटी जितकी होती तितकी, जे जास्त असेल ते. बेसवर तेच १२ तास किंवा आधीची ड्यूटी. आमच्याकडेही नियम याच धर्तीचा होता. एका क्रूची ड्यूटी ११ तास २० मिनिटांची, सुटायची १९:४० ला, म्हणजे सकाळी ०७:०० च्या आधी रिपोर्ट नाही. रिपोर्ट ०७:१५ चा होता, बसत होतं. त्या दिवशी विमान ४० मिनिटं उशिरा आलं. मी काय केलं, रिपोर्ट ४० मिनिटं पुढे ढकलला, ०७:५५, मेसेज पाठवला आणि दुसऱ्या फोनला लागले. दहा मिनिटांनी फर्स्ट ऑफिसरचा फोन, मॅडम एकदा परत मोजता का. ड्यूटी संपली २०:२०, बरोबर, पण ड्यूटी लांबलीही ना, आता ती १२ तासांची झाली, म्हणजे रेस्टही १२ तास, ०८:२० च्या आधी आम्ही येऊ शकत नाही. ४० मिनिटांच्या उशिराने ८० मिनिटं खाल्ली होती. तो मुलगा नवीन होता, मी नव्हते. सकाळची फ्लाइट तासाभराहून जास्त लेट निघाली, पण नियमात निघाली.

तेव्हा लांब ड्यूटीनंतरचा नाइट स्टॉप असेल तर उतरल्या उतरल्या, हॉटेलच्या गाडीत बसल्या बसल्या हा हिशोब परत करा. आणि गाडीचा वेळही बघा. युरोपात हॉटेल ३० मिनिटांपेक्षा लांब असेल तर वरच्या वेळेच्या दुप्पट रेस्ट वाढवायची असते, ५० मिनिटं लागत असतील तर वरची २०, म्हणजे ४० मिनिटं जास्त. रस्त्याचं काम चालू आहे म्हणून गाडीला रोज तास लागतोय हे प्लॅनिंगला कोणी सांगितलंच नाही तर त्यांच्या सिस्टिममध्ये ते हॉटेल वर्षभर २५ मिनिटांवरच राहतं, हे मी पाहिलेलं आहे. सांगा. लेखी सांगा.

लांबचे आकडेही अधूनमधून बघत जा. २८ दिवसांत १०० तास फ्लाइंग, युरोपात एका कॅलेंडर वर्षात ९००, अमेरिकेत ३६५ दिवसांत १०००. ७ दिवसांत ६० तास ड्यूटी. आणि आठवड्याची मोठी रेस्ट, युरोपात ३६ तास आणि त्यात दोन स्थानिक रात्री, अमेरिकेत सलग ३० तास, भारतात विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या डीजीसीएने ती ३६ वरून ४८ केली. हे आकडे कागदावर लहान दिसतात पण डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या त्यामागे नवीन नियमांना पुरेल असं क्रूचं प्लॅनिंग नसणं हे मोठं कारण होतं. आणि डिसेंबर २०२२ मध्ये साउथवेस्टच्या १६ हजारांहून जास्त फ्लाइट्स रद्द झाल्या तेव्हा सुरुवात वादळाने झाली पण पुढे गाडी अडली ती क्रू नेमका कुठे आहे हे सिस्टिमला जुळवता येईना म्हणून, विमानं होती, माणसं होती, पण कोण कुठल्या हॉटेलात आहे आणि कोणाची रेस्ट किती झालीये हेच कळेना. म्हणून गडबडीच्या दिवशी हॉटेल बदललं, फ्लाइट बदलली, तर आम्हाला कळवा, आम्हाला माहीत असेलच असं धरू नका.

स्टँडबाय, बिडिंग आणि घर लांब असणं

स्टँडबाय, म्हणजे बोलावलं तर यायच्या तयारीत बसणं, ही सुट्टी नाही एवढं सगळ्यांना कळतं, पण ती एफडीपीही खाऊ शकते हे कळत नाही. युरोपात दिवसाच्या होम स्टँडबायचे पहिले ६ तास फुकट, त्यानंतर बोलावलं तर सहाच्या वर जितका वेळ गेला तितकी एफडीपी कमी. आठ तास बसून फोन आला तर तुमच्या मर्यादेतून २ तास गेले, हे आम्ही विसरलो तर तुम्ही आठवण करा.

बिडिंग, म्हणजे आपल्या पसंतीच्या ड्यूट्या मागायची सोय, असेल तर जागेचं नाव मागू नका, आकार मागा. म्हणजे अमुक शहर हवं असं म्हणण्यापेक्षा सकाळी आठनंतरचे रिपोर्ट, किंवा दोन रात्रींपेक्षा जास्त बाहेर नको, असं मागा, सॉफ्टवेअरला ते जुळवायला सोपं जातं. अमेरिकेत सगळं सिनिऑरिटीवर चालतं त्यामुळे नव्याला उरलंसुरलं, बाकी बऱ्याच ठिकाणी वाटणी समान करायचा प्रयत्न असतो. स्वॅप, म्हणजे ड्यूटीची अदलाबदल, करताना समोरच्याची ड्यूटी आवडली म्हणून हो म्हणू नका, तिच्या आधीची आणि नंतरची रेस्ट तुमच्या रोस्टरमध्ये बसते का ते बघून मग अर्ज टाका, नाकारल्या जाणाऱ्या स्वॅपचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

बेसच्या शहरात राहत नसाल तर घरून बेसला यायचा प्रवास तुमचा स्वतःचा, तो ड्यूटीत धरत नाहीत आणि आमच्या स्क्रीनवर त्या वेळात तुम्ही चक्क झोपलेले दिसता. १२ फेब्रुवारी २००९ ला बफलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जण गेले. मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या (पंखांची उचल सुटण्याच्या) वॉर्निंगला चुकीचा प्रतिसाद दिला हे ठरलं, पण तपासात हेही आलं की फर्स्ट ऑफिसर रात्रभर प्रवास करून बेसला आली होती आणि कॅप्टन क्रू रूममध्ये झोपला होता. अमेरिकेचे जानेवारी २०१४ पासून लागू झालेले रेस्टचे नियम त्या अपघातानंतरच आले. एक रात्र आधी या, एवढंच म्हणेन.

हॉटेलात पोचल्यावर

रूम लिफ्टजवळची नको, आणि वरच्या मजल्यावरची मागा. पडद्याला फट राहते तिथे हँगरच्या क्लिपा लावा. पिकअपची वेळ रिसेप्शनवर स्वतः विचारा आणि ती रिपोर्टशी ताडून बघा, कारण गाडीवाल्याला गेलेला मेसेज कधीकधी जुनाच असतो. १० तासांच्या स्टॉपला खाणं, आंघोळ, घरी फोन हे सगळं पहिल्या तासात उरका आणि झोपा, सकाळसाठी काही ठेवू नका. तीस तासांच्या स्टॉपला उलटा धोका, पहिल्या रात्री उशिरा झोपून दुपारपर्यंत लोळलात तर दुसऱ्या रात्री नऊला झोप येणार नाही आणि पहाटे चारचा अलार्म आहे, म्हणून पहिल्या सकाळी जिवावर आलं तरी आठ-साडेआठला उठा. लाँगहॉलला चोवीस तासांचा स्टॉप असेल तर पोचल्यावर दीड-दोन तासांची डुलकी आणि मुख्य झोप निघायच्या आधी, घड्याळ घरचंच ठेवा.

फोन सायलेंटवर टाकायला घाबरू नका. आमच्याकडे पद्धत अशी होती की रेस्टमध्ये क्रूच्या मोबाइलवर फोन करायचा नाही, बदल असेल तर रिसेप्शनवर निरोप ठेवायचा आणि तो दाराखालून चिठ्ठीने जायचा. उठल्यावर आधी दाराखाली बघा, मग फोन बघा. चिठ्ठीत नवीन रिपोर्ट असेल तर रिलीजच्या वेळेपासून बोटांवर मोजा आणि नाही बसलं तर लगेच कळवा, पहाटे तीनला जागं असलेलं कोणीतरी पलीकडे नक्की असतं.